पंपाला लागली तहान!



दिवाळीची सुट्टी संपवून, फराळाचे डबे रिकामे करून तुम्ही सगळे पुन्हा शाळेत आला असालच. आमचीही शाळा सुरू झाली. आमचं गाव शिरढोण, पनवेल तालुक्यातलं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली इथलाच.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी मुलांना नेहमीचा प्रश्न विचारला, "सुट्टीत नवीन काय पाहिलंत?" आमच्या वर्गात एक शंकासुर आहे. त्याचा हात सगळ्यांत आधी वर! तो मुंबईला मामाकडे गेला होता. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुरू झाली ना, त्या बोटीतून मामाने त्याला फिरवून आणलं होतं.

"बाई, धक्क्यावर एक बोट होती, तिला भोक पडलं होतं! तिच्या कुशीतून पाण्याची धार समुद्रात पडत होती. आणि आमच्या बोटीत एसी होता, पण त्याचा डबा बाहेर कुठेच लटकवलेला नव्हता. असं कसं?"

वर्ग खो-खो हसला. मी मात्र हसले नाही. का, ते सांगते.

गेल्या मार्चमधली गोष्ट. शाळेची टाकी भरायला मी विहिरीवरची मोटार लावली आणि वर्गात येऊन गणितं घालू लागले. थोड्या वेळाने हाच मुलगा दारात उभा. "बाई, मोटार चालू आहे, पण टाकीत धार पडत नाही." मी म्हटलं, "आवाज येतोय ना? मग येईल पाणी. जा, जागेवर बस." तो गप्प बसला. अर्ध्या तासाने जळकट वास आला तेव्हा मी धावले. पंप तव्यासारखा तापला होता आणि टाकी कोरडी ठणठणीत! त्या दिवशी मुलांची खिचडी फार उशिरा शिजली.

शेजारच्या वाडीतले एक आजोबा आले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला आणि म्हणाले, "बाई, मोटारीने हवा धरलीय. तिला तहान लागलीय. आधी पाणी पाजा, मग ती तुम्हाला पाजेल." पंप निवल्यावर त्यांनी त्याच्या डोक्यावरचा बूच उघडला आणि कळशीने पाणी ओतलं. पण पाणी आत राहीचना. "फुटबॉल गळतोय," आजोबा म्हणाले. मुलं बघतच राहिली, विहिरीत फुटबॉल कुठून आला? अरे, तो खेळायचा नव्हे! पाइपाच्या तळाशी असते ती झडप, फूट व्हॉल्व्ह. गावाकडे तिलाच 'फुटबॉल' म्हणतात. ती पाण्याला वर येऊ देते, पण परत खाली जाऊ देत नाही. आमच्या झडपेत झाडाचं एक पान अडकलं होतं. एवढंसं पान, पण रात्रभरात सगळा पाइप रिकामा झाला होता.

आता यातलं विज्ञान पाहू. पंपाच्या पोटात एक चक्र असतं. ते गरगर फिरतं आणि पाणी बाहेरच्या बाजूला भिरकावतं. त्यामुळे मधोमध दाब कमी होतो आणि खालचं पाणी पाइपातून वर येतं. पण त्याला वर ढकलतं कोण? विहिरीतल्या पाण्यावर दाब देणारी हवा! आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली लिहून ठेवलं. ही हवा पाण्याला फार तर १० मीटर वर चढवू शकते. प्रत्यक्षात पंप ६-७ मीटरवरच दमतो.

आणि पंपाच्या पोटात पाण्याऐवजी हवा असेल तर? हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी. भिरकावायला काही वजनच नाही. जो पंप पाणी २० मीटर उंच चढवतो, तोच कोरडा फिरला तर पाइपातलं पाणी जेमतेम अडीच सेंटिमीटर वर ओढेल. आवाज मात्र तेवढाच! शिवाय आतलं सील पाण्यामुळेच थंड राहतं. पाणी नसलं की ते तापतं, जळतं.

आता आमच्या शंकासुराची बोट. घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या डब्यातून हवेत सोडतो. बोटीच्या भोवती तर अख्खा समुद्र असतो. म्हणून बोटीतला एसी बहुधा आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देतो. बोटीच्या तळाला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून पंप पाणी आत घेतो, ते एसीतून फिरतं आणि कोमट होऊन कुशीतून बाहेर पडतं. इंजीनही असंच थंड ठेवतात. तेव्हा ती धार म्हणजे बोट फुटल्याची नव्हे, बोट ठणठणीत असल्याची खूण!

हा पंप समुद्राच्या पातळीच्या खाली बसवतात. मग त्याला कळशीने पाणी पाजावं लागत नाही, समुद्रच त्याचं पोट भरून ठेवतो. तरीही तो कधीकधी हवा धरतो. मोठ्या लाटेत बोट कलली आणि भोक क्षणभर उघडं पडलं, गाळणीचं झाकण सैल राहिलं किंवा दुरुस्तीला बाहेर काढलेली बोट पुन्हा पाण्यात सोडली, की हवा आत शिरते. पाइपाला मध्येच उंटासारखं मदार असेल तर ती तिथेच दडून बसते. म्हणून पाइप सतत चढता ठेवतात, गाळणीत अडकलेलं शेवाळ आणि प्लॅस्टिक काढत राहतात. आणि हवा अडकलीच, तर पंप बंद करून त्याच्या पुढचा पाइप थोडा सैल करतात. फुस्स करून हवा निघून जाते, पाणी दिसलं की पाइप पुन्हा घट्ट!

तुम्हीही एक गंमत करून पाहा. सरबताच्या ग्लासात स्ट्रॉ घाला. सरबताच्या वर, स्ट्रॉला टाचणीने तीन-चार भोकं पाडा आणि ओढा. तोंडात काय येतं? आता भोकांवर बोट ठेवून ओढा. कळलं हवा धरणं म्हणजे काय? मात्र खऱ्या मोटारीला, विजेला हात लावायचा नाही आणि विहिरीच्या काठावर एकट्याने जायचं नाही. ते काम मोठ्यांचं. पालकहो, मोटार लावली की धार पडेपर्यंत तिथून हलू नका. हे मी अनुभवाने सांगते आहे!

त्या दिवशी मी वर्गासमोर शंकासुराला सांगितलं, "अरे, मार्चमध्ये तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." आता तो आमचा 'धारप्रमुख' आहे. मोटार लागली की तो टाकीकडे बघत अंगणात उभा राहतो. "बाई, धार आली!" अशी आरोळी ऐकू आली की मगच मी खडू हातात घेते.

तुमच्या गावात विहिरीवरच्या मोटारीला पाणी कसं पाजतात? आजोबांना विचारून मला पत्राने नक्की कळवा.

तुमची,
बाई