इंग्रजीची भीती कशाला? : 'नेव्हर'ची जागा

आमच्याकडे वस्तीतील मुले नोकरीचे अर्ज तपासायला आणतात. परवा एकाने लिहिले होते, 'आय विल बी नेव्हर लेट'. भाव प्रामाणिक, पण शब्दाची जागा चुकली. ऑलवेज, नेव्हर, डेफिनिटली म्हणजे नेहमी, कधीच नाही, नक्की. हे शब्द विल, कॅन, शुड, मस्ट यांच्यानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी बसवावेत : 'आय विल नेव्हर बी लेट', 'यू शुड ऑलवेज चेक द बिल'. मात्र 'वोन्ट' असेल तर प्रॉबब्ली, म्हणजे बहुधा, त्याच्या आधी येते : 'ही प्रॉबब्ली वोन्ट कम'. चुकलो म्हणून लाजू नये. आज रात्री घरात अशी पाच वाक्ये मोठ्याने म्हणा, आईवडिलांनीही म्हणावीत.