‘जपून गं!’ आता पुरे



यंदा फेब्रुवारीत चार दिवस मी गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर पाण्यात पडत होते. शिकत होते असं म्हणण्याइतकी प्रगती तिसऱ्या दिवशी झाली. पायाखाली रुंद फळी आणि हातात हवा भरलेला मोठा पंख. त्याला ‘विंग’ म्हणतात. 2019 च्या सुमारास हा प्रकार बाजारात आला. शिडाच्या फळीवर शीड फळीलाच जोडलेलं असतं, इथे ते आपल्याच दोन हातांत असतं.

गटाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोन उद्गार आले. ‘बावन्नाव्या वर्षी? जपून गं!’ आणि ‘हे श्रीमंतांचे चोचले, चळवळीचा काय संबंध?’

आधी ‘जपून’चं बघू. माझ्या भावांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. मी काठावर त्यांचे कपडे राखत होते. पोहायला शिकले ते अडतिसाव्या वर्षी, आमच्या शहरातल्या तलावावर. तिथे बायकांची वेळ होती दुपारी बारा ते एक, म्हणजे नोकरी करणारीला नाही आणि स्वयंपाक उरकणारीलाही नाही. मोरजीला भाचीबरोबर गेले, तर शिकवणारा तिच्याशीच बोलायला लागला. मला म्हणाला, ‘काकू, तुम्ही सावलीत बसा.’ पैसे मीच भरले होते. लाइफ जॅकेटही पुरुषी मापाचं निघालं, छातीवर आवळणारं आणि खांद्यावर सैल.

शिकवणं मात्र चोख होतं. फळीवर आधी गुडघ्यांवर बसायचं. पंख डोक्यावर धरला की तो नुसता फडफडतो, ओढत नाही. मागचा हात जवळ घेतला की वारा भरतो आणि फळी चालू लागते. तो हात सोडला की जोर गेला. घाबरलं की आपण दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि नेमके तिथेच उलटतो. पायांकडे बघितलं तरी पडतो. नवशिकी वाऱ्याबरोबर वाहत जाते, मग फळी काखेत मारून किनाऱ्यानं मागे चालत यायचं. माझं निम्मं शिक्षण या चालण्यातच गेलं आणि कंबर अजून बोलते आहे.

पाण्यावरही धोक्याचे नियम आहेत, आणि ते कडक आहेत. एकटीनं जायचं नाही. पंखाची दोरी मनगटाला आणि फळीची पायाला बांधलेली हवी. शाळेच्या भूगोलात घोकलेले खारे आणि मतलई वारे आठवतात? दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतो. जमिनीवरून सुटणारा मतलई वारा आत नेतो, त्यात नवशिकीनं उतरायचंच नाही. यातला प्रत्येक नियम पाण्यात उतरणारीसाठी आहे. ‘जपून गं’ हा नियम उतरूच नये यासाठी असतो. त्यात वारा कुठला, दोरी कुठे बांधायची, काही सांगितलेलं नसतं. 2011 साली आलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं. बाईला सुरक्षिततेच्या नावाखाली घरी बसवू नका, धोका पत्करायचा हक्क तिचाही आहे. पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलं, चर्चा केल्या. पण पाण्याच्या काठाशी आपली चर्चा थांबते. शिडाच्या फळीची शर्यत ऑलिंपिकमध्ये 1984 ला आली, बायकांसाठी वेगळी शर्यत व्हायला 1992 उजाडलं.

आता चोचले. आरोप निम्मा मान्य. सामान महाग आहे, विकत घेणं माझ्याही आवाक्यात नाही. चार दिवसांचे पैसे मी दिवाळीपासून बाजूला टाकले होते. पण मग समुद्र कुणाचा, हेही विचारू या. कोकणपट्टीवर बहुतेक ठिकाणी होडीतून पुरुष जातात, पाटी डोक्यावर घेऊन बाजार करतात त्या बायका. खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत उतरून तिसऱ्या काढतात त्याही बायकाच. कामासाठी बाई पाण्यात चालते, तेव्हा कुणी ‘जपून’ म्हणत नाही. मजेसाठी उतरली की साऱ्यांना तिची काळजी वाटू लागते. कष्टकरी बाईच्या मजुरीसाठी आपण भांडतो, भांडलंच पाहिजे. तिच्या मौजेचा ठराव मात्र आपल्या एकाही शिबिरात झालेला मला आठवत नाही.

विंग सगळ्यांना परवडणार नाही. पोहणं परवडेल. आमच्या गटात विचारलं, तर दोघीतिघींचेच हात वर झाले. म्हणून दोन सूचना लेखी दिल्या आहेत. शहरातल्या तलावावर बायकांची वेळ संध्याकाळी मिळावी आणि शिकवायला बाई असावी, यासाठी सह्या गोळा करायच्या. आणि पुढच्या शिबिराच्या कार्यक्रमात रोज एक तास पाण्यातला ठेवायचा. ‘वेळ कुठून काढायचा?’ असं उत्तर आलं आहे. पहिल्या दिवसाचं उद्घाटनाचं भाषण आणि शेवटच्या दिवसाचे आभार गाळा, असं मी कळवलं आहे.