‘त्या काळी चालायचं’ असं म्हणणाऱ्यांसाठी

भांडण सुरू झालं ते एका जपानी चित्रकथेवरून, आणि संपलं माझ्या आजीपाशी. खरं तर संपलेलं नाही, म्हणून हा लेख.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधल्या आम्हा सात-आठ जणांचा एक ग्रुप अजून जिवंत आहे. हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी ‘इनुयाशा’ टाकली होती. सबमिशनच्या रात्री आम्ही ती पाहिली आणि नंतर मूळ चित्रकथा मिळेल तशी वाचली. दिवाळीनंतर मंडईसाठी मी गावी, चोरखमाऱ्याला, आले होते. घरात रेंज नाही, त्यामुळे कामाचे कॉल तलावाच्या पाळीवर बसून घ्यावे लागतात. असाच एक कॉल संपवून ग्रुप उघडला, तर रिन आणि सेशोमारूवरून पुन्हा जुंपली होती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, हे नातं मला पटत नाही, किळस येते. त्यावर एका मित्राने लिहिलं, “इतकं असेल तर आधी तुझ्या आजीला विचार तिचं लग्न कितव्या वर्षी झालं. मग बोल.”

वाक्य टाळ्या घेणारं होतं. चार जणांनी हसणारे चेहरे टाकले. मी फोन खिशात ठेवला आणि खरंच आजीला विचारायला घरी गेले. तिचं उत्तर शेवटी सांगते. आधी ज्यांनी ही गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

रुमिको ताकाहाशी यांची ‘इनुयाशा’ 1996 ते 2008 अशी बारा वर्षं एका जपानी साप्ताहिकात क्रमशः आली. तिचे 56 खंड झाले. टोकियोतली कागोमे ही शाळकरी मुलगी पंधराव्या वाढदिवशी घरच्या देवळाच्या आवारातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते आणि सुमारे पाचशे वर्षं मागे, जपानच्या यादवीच्या काळात बाहेर पडते. तिथे तिला इनुयाशा भेटतो, अर्धा माणूस आणि अर्धा राक्षस. त्याचा सावत्र मोठा भाऊ सेशोमारू पूर्ण राक्षस आहे. शेकडो वर्षं जगलेला, पांढऱ्या केसांचा, देखणा, थंड आणि माणसांचा तिरस्कार करणारा. तो जखमी होऊन जंगलात पडलेला असताना एक अनाथ मुलगी त्याला खायला आणून देते. तिचं कुटुंब मारलं गेलंय, तिची वाचा गेलीय, गाववाले तिला मारतात. ती रिन. पुढे लांडगे तिला मारून टाकतात. सेशोमारू आपल्या तलवारीने तिला परत जिवंत करतो आणि तेव्हापासून ती त्याच्या मागे मागे फिरते.

रिन लहान मूल आहे, हे सांगायला आकडा लागत नाही. ती फुलं तोडते, गाणी म्हणते, त्याच्या बाहीला धरते. दगडासारख्या सेशोमारूला पहिल्यांदा कुणाच्या तरी जिवाची भीती वाटते ती तिच्यामुळे. बारा-तेरा वर्षांची असताना मी हे पहिल्यांदा वाचलं असतं तर मलाही असा रक्षणकर्ता हवा झाला असता. एकविसाव्या वर्षी वाचतानाही थोडा झालाच.

मूळ कथेच्या शेवटी तो तिला गावात, म्हाताऱ्या काएदेकडे ठेवतो. तिने माणसांत राहायला शिकावं आणि पुढे कुठे राहायचं ते स्वतः ठरवावं, असा त्यामागचा विचार. तो अधूनमधून येतो, तिच्यासाठी कपडे आणतो. इथे कथा संपली आणि वाचक भांडायला लागले. कुणी म्हणालं हे बापलेकीचं नातं, कुणी म्हणालं हे उद्याचं प्रेम. ‘यशाहिमे’ ही पुढची मालिका 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्या नायिकांमध्ये सेशोमारूच्या जुळ्या मुली आहेत, तोवा आणि सेत्सुना. 2021 च्या जानेवारीत त्यांची आई कोण ते पडद्यावर आलं. रिन.

मग जे झालं ते आठवतंय. अर्ध्यांचा उत्सव, अर्ध्यांचा संताप. ‘ज्या मुलीला वाढवलं तिच्याशीच?’ हा एक प्रश्न, आणि त्यावर तीन ठरलेली उत्तरं. ती तिन्ही मला मान्य नाहीत.

पहिलं उत्तर: तो काळच तसा होता.

हे उत्तर या कथेच्या बाबतीत तर फारच गमतीचं आहे. ही काळ ओलांडण्याची गोष्ट आहे. विहिरीतून आजची मुलगी तिकडे जाते, तिच्या डोळ्यांनी आपण तो काळ पाहतो, आणि तिला जे खटकतं ते ती बोलून दाखवते, हाच या प्रकाराचा प्राण. कागोमे परीक्षेला घरी परत येते, इनुयाशाशी हुज्जत घालते, ‘बस’ म्हटलं की तो तोंडावर आपटतो. त्या काळाला ‘तुमच्याकडे असंच चालतं का’ म्हणून मान डोलावली असती तर 56 खंड झालेच नसते. आणि जुळ्यांपैकी तोवा? ती चार वर्षांची असताना आजच्या टोकियोत येऊन पडते आणि कागोमेच्या भावाच्या घरी वाढते. म्हणजे ‘आई, तू लहान असताना बाबांनी तुला सांभाळलं, मग हे कधी आणि कसं झालं?’ हा प्रश्न विचारायला याहून योग्य पात्र घडवता आलं नसतं. मला मालिकेत तो प्रश्न सापडला नाही. विहीर खोदायची, आजची मुलगी आत सोडायची आणि नेमक्या जागी तिच्या तोंडावर हात ठेवायचा! काळाची सबब वाचकाने द्यावी, इतपत ठीक. काळ ओलांडणाऱ्या कथेने ती घेऊ नये.

शिवाय ‘काळ’ म्हणजे कोण? हा मुद्दा मराठी वाचकाने तरी विसरू नये. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला आणि 1884 पासून खटला अंगावर घेतला. तुरुंगात जाईन पण जाणार नाही, ही त्यांची भूमिका. त्या नंतर डॉक्टर झाल्या. त्याही ‘त्या काळच्या’च ना? 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा आला तेव्हा टिळक विरोधात होते आणि आगरकर बाजूने. दोघे एकाच शहरात, एकाच काळात. काळ कधीच एका तोंडाने बोलत नाही. ‘त्या काळी चालायचं’ म्हणणारा माणूस त्या काळातल्या भांडणात एक बाजू घेत असतो आणि वर आपण तटस्थ आहोत असं सांगत असतो.

दुसरं उत्तर: तो राक्षस आहे, ही कल्पित कथा आहे, इतकं मनावर काय घ्यायचं?

रिनला लांडग्यांनी मारलं तेव्हा डोळे कुणाचे भरले होते? तेव्हा ती खरी होती, आणि आता आक्षेप आला की लगेच कागदावरची रेघ? कल्पित कथेवर रडायचा हक्क असेल तर तिच्यावर चिडायचाही असला पाहिजे. राहिला राक्षस. माझा संशय असा आहे की, इथे राक्षस असण्यापेक्षा देखणा असणं जास्त कामाला येतं. देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 चं. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. सव्वाशे वर्षं प्रेक्षक त्या थेरड्याला हसत आले आहेत. आपल्याकडे झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणारे लोक असल्या पात्राला काय बोल लावतात ते मंडईला येऊन ऐकावं. पण मला एक प्रश्न पडतो. भुजंगनाथाचे दात शाबूत असते, पाठ ताठ असती, चेहरा विशीतला असता, तर आपण हसलो असतो का? सेशोमारू भुजंगनाथाहून शेकडो वर्षांनी मोठा आहे. फक्त चित्रकाराने त्याला सुरकुत्या दिलेल्या नाहीत. आपला आक्षेप अन्यायाला होता की कवळीला, हे तपासायची ही चांगली संधी आहे.

आणि शारदेचं लग्न मोडतं कशाने? वधूवर सगोत्र निघाले म्हणून. तिला नको होतं, हे कारण पुरलं नाही. ते नाटक 1899 चं आहे, तेव्हा तेवढंच हाताशी होतं. आज आपल्या हाताशी त्याहून जास्त असायला हवं.

तिसरं उत्तर सगळ्यांत बळकट आहे: ती सुखी आहे, तिने स्वतः निवडलं.

याला उडवून लावणं बरोबर नाही. रमाबाई रानड्यांचं लग्न 1873 मध्ये झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि माधवराव एकतीसचे. माधवराव स्वतः सुधारक, लोकांचा आग्रह की त्यांनी विधवेशी लग्न करावं, पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही. त्यांनी त्या मुलीला शिकवलं. तिने पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि नवऱ्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ते मी दोनदा वाचलंय आणि दोन्ही वेळा त्यातलं प्रेम खरं वाटलं. तरी वाचताना पोटात काहीतरी हलतं. एकाच माणसाने शिकवायचं, त्यानेच नाराज व्हायचं, त्याच्याच मर्जीवर दिवस चांगला की वाईट ते ठरायचं, आणि तोच नवरा. प्रेम खरं असू शकतं आणि मांडणी चूक असू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर मावतात, कारण रमाबाईंनी मधली वर्षं लिहून ठेवली आहेत. अबोला, भीती, अभ्यास, सासरच्या बायकांचा जाच, सगळं. आपल्याला तपासता येतं.

रिनच्या बाबतीत नेमकी हीच वर्षं गायब आहेत. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, पहिली आवृत्ती दिसते, शेवटची दिसते आणि मधला सगळा इतिहास कुणीतरी पुसून टाकलाय. असा कोड कुणी माझ्याकडे पाठवला तर मी तो मंजूर करत नाही. त्यात चूक आहेच असं मी म्हणत नसते, पण चूक नाही हे पाहायला जागाच ठेवलेली नाही. ‘तिने निवडलं’ म्हणता, तर दाखवा ना निवडताना. गावात तिला दुसरं काय दिसलं? कुणावर जीव जडला? काएदेने काय सांगितलं? तो आला आणि तिला नको वाटलं, असा एखादा दिवस होता का? मूळ कथेने शेवटी निवडीचा शब्द दिला होता. पुढच्या कथेने निवड वगळून थेट जुळ्या मुली हातात ठेवल्या. माझी तक्रार नीतीची आहेच, पण ती लेखनाचीही आहे. कागोमेला परत येण्याचा निर्णय घ्यायला लेखिकेने तीन वर्षं दिली. अठराव्या वर्षी, आईला निरोप देऊन ती विहिरीत उतरली. रिनला तेवढंही मिळालं नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द. ज्यांना ही जोडी आवडते त्यांना गुन्हेगार ठरवणं, त्यांच्या मागे लागणं, चित्रं काढणाऱ्या पोरींना शिव्या घालणं, हे प्रकार मी पाहिलेत आणि ते लाजिरवाणे आहेत. त्या जोडीवर जीव टाकणाऱ्यांत बहुतेक मुलीच दिसतात. ज्यांना घरात, रस्त्यावर कुणी सांभाळलं नाही, त्यांना एका बलाढ्य माणसाने फक्त आपल्यासाठी मऊ व्हावं असं वाटतं. त्या इच्छेला किळस म्हणायची माझी हिंमत नाही. पुस्तक बंद करा, मालिका काढून टाका, असंही मी म्हणणार नाही. बंदी आली की वाद थांबतो, आणि मला वाद हवा आहे. मला फक्त एवढंच हवंय की, खटकलं असं म्हणणाऱ्याला ‘तुला काळ कळत नाही’ म्हणून गप्प बसवू नये.

आता आजी.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी विचारलं, लग्न झालं तेव्हा किती वर्षांची होतीस? म्हणाली, तेरा असतील. म्हणजे 1957 च्या आसपास. आबाजी तिच्या दुपटीने मोठे होते. (तेव्हा कायद्याने मुलीचं वय पंधरा लागायचं. 1929 च्या कायद्यात ते चौदा होतं, 1949 मध्ये पंधरा झालं. म्हणजे ‘त्या काळी’ सुद्धा चालत नव्हतं, चालवून घेतलं जात होतं.) आबाजी भले होते. तिरोड्याच्या बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणायचे, सही करायलाही त्यांनीच शिकवलं. ते गेले तेव्हा ती महिनाभर धड जेवली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. मी विचारलं, तुला तेव्हा लग्न करायचं होतं का?

तिने सूप खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मले कोणी पुसलाच नाही, बाई. आज तूच पुसतेस.”

मित्राला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. त्याला वाटलं होतं आजीला विचारलं की माझं तोंड बंद होईल. सत्तर वर्षं होत आली, त्या घरात कुणालाच तो प्रश्न विचारावासा वाटला नव्हता. माझ्या डोक्यात तो एका कागदावरच्या मुलीमुळे आला. हे ज्या वाचकांमुळे झालं, ते वाचक चिडके, हट्टी आणि अतिसंवेदनशील असतील. असू देत.