दहा दिवसांचा जाब कोणीं द्यावा?

३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्मा गांधींचा खून झाला. सरकारनें तेव्हां सांगितलें कीं, प्रार्थनेस येणारांची झडती घेण्यास महात्माजींनींच मनाई केली होती. मग पोलिसांनीं करावें काय?

बंधूंनो, ही सबब आम्हांस पटत नाहीं. २० जानेवारीसच बिर्ला भवनांत स्फोट झाला होता आणि मदनलाल पाहवा जागींच धरला गेला होता. दुसऱ्याच दिवशीं मुंबईस प्रो. जगदीशचंद्र जैन यांनीं मदनलालचें पूर्वींचें बोलणें गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानीं घातलें. त्यांत विष्णु करकऱ्याचें नांव होतें. हा करकरे कोणी परमुलखांतला नव्हे, आमच्याच नगरचा हॉटेलवाला! तो हातीं लागला १४ फेब्रुवारीस, म्हणजे खून होऊन पंधरा दिवसांनीं.

आमच्या कर्जत तालुक्यांत पूर्वीं कोणाचा बैल चोरीस गेला, तर फौजदार आधीं जागल्यास दरडावी, "रात्रीं कोठें होतास?" दिल्ली-मुंबईच्या बड्या जागल्यांस हेंच विचारण्यास न्या. कपूर यांचा आयोग बसावा लागला, तोही १९६६ सालीं! अहवाल आला १९६९ सालीं. पोलिसांची ढिलाई त्यांत नोंदली गेली खरी, पण एकवीस वर्षांनीं.

झडती नको, हें ठीक. पण करकऱ्यास नगरांत आणि गोडसे-आपट्यांस पुण्यांत चेहऱ्यानें ओळखणारे पोलिस होते. त्यांतले चार जण साध्या वेषांत बिर्ला भवनाच्या फाटकाशीं उभे करण्यास कोणाची झडती घ्यावी लागत होती?