अस्सल बरहुकूम नक्कल

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत शिरून, हिरवळीच्या कडेकडेने पाव-अर्धा तास हिंडून झाल्यावर, परगावाहून आलेले बहुतेक पाहुणे आपल्या यजमानास जो प्रश्न विचारतात तो मला आता तोंडपाठ झाला आहे : "हे सगळे ठीक, पण वाडा कुठे आहे?" गेल्या पंधरवड्यात नागपूरहून आलेल्या माझ्या मामेभावाने तो नेमक्या याच शब्दांत विचारला, आणि मी नेहमीप्रमाणे पायांखालच्या जोत्याकडे बोट दाखविले, तेव्हा तिकिटाचे पैसे पाण्यात गेल्याची जी खिन्नता त्याच्या मुद्रेवर पसरली, ती पाहून वाडा जणू मीच कुठे तरी लपवून ठेवला आहे असे मला क्षणभर वाटून गेले.

वस्तुतः त्याला मी काही खोटे सांगितले नव्हते. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला आणि ते पाहून थोरल्या बाजीरावांनी ही जागा निवडली, ही गोष्ट ज्याची त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावी. परंतु १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पायाभरणी झाली, लाकूड जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि तोपर्यंतचा खर्च १६,११० रुपये झाला, ही नोंद हिशेबी आहे. पुढे प्रत्येक पेशव्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे व हौसेप्रमाणे या वाड्यात भर घातली. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याच्यावर कंपनी सरकारचे निशाण चढले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीने, जी काही दिवस धुमसत राहिली, आतले सारे सागवानी वैभव राखेस मिळविले. उरले ते तट, बुरूज, पाच दरवाजे आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना. ढिगाऱ्याखाली गडप झालेली जोती, हौद आणि सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे ही तर १९१९ ते १९२३ या काळात पुराणवस्तुखात्याने माती उपसली तेव्हा पुन्हा उजेडात आली. म्हणजे पाहुण्यास आज जे दिसते ते आगीने सोडलेले आणि कुदळीने उघडे केलेले असे आहे, आणि त्या वास्तूच्या चरित्राची ती शेवटली पाने आहेत. चरित्राचा नायक वारला म्हणून शेवटली पाने फाडावीत असे कोणी म्हणत नाही. वाड्याच्या बाबतीत मात्र हीच मागणी दर चार-सहा वर्षांनी, व्यासपीठावरून आणि मोठ्या आवेशाने, होत असते. वाडा पुन्हा जसाच्या तसा बांधा!

जसाच्या तसा म्हणजे कसा, हे मात्र त्या व्यासपीठावर कोणी विचारीत नाही. बाजीरावांचा १७३२ चा, नानासाहेबांनी वाढविलेला, की सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला? एक निवडला की बाकीचे दोन आपल्याच हातांनी पुसावे लागतील. आणि निवडला तरी आधार कोणता? गणेश रंगमहाल, आरसेमहाल, हस्तिदंती महाल ही नावे आपल्यास ठाऊक आहेत. पेशवे दफ्तरातल्या रुमालांत खर्चाच्या, इनामांच्या, मेजवान्यांच्या असंख्य नोंदी आहेत, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड ग्रंथालयांतून सहज पाहावयास मिळतात. परंतु खर्चाच्या यादीवरून तुळई किती जाड होती आणि महिरपीची वळणे कशी होती हे समजत नाही. राहता राहिले ते रेसिडेंट मॅलेट आणि पेशवे यांच्या १७९० च्या तहाचे प्रख्यात तैलचित्र, ज्याच्याकडे सगळे पुनर्बांधणीवाले अखेर वळतात. त्या दरबाराचा थाट त्यात फार नजरेत भरतो. फक्त एवढेच की, ज्याच्या रेखाटनांवरून ते चित्र सिद्ध झाले तो जेम्स वेल्स त्या प्रसंगानंतर वर्षभराने हिंदुस्थानात उतरला. तो १७९५ मध्ये वारला, आणि चित्र पुरे केले ते टॉमस डॅनिएलने, १८०५ मध्ये, विलायतेत बसून. वेल्सच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण तेवढ्या आधारावर इमारत उभी करणारा गवंडी धाडसीच म्हणावयाचा.

(दरम्यान वाड्यात आज जी गर्दी लोटते, तिच्यातला पुष्कळसा भाग पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या नारायणरावांच्या हाकेच्या आशेने येतो. ३० ऑगस्ट १७७३ च्या त्या खुनाची जागा जिथे होती तिथे आता भिंतही नाही. भुताला मात्र छप्पर लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.)

पूर्ण इमारत पाहावयाची असेल तर तीही जवळच आहे. मामेभावाचा विरस झालेला पाहून मी त्याला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला लाल महालाकडे नेले. तिथे तिचा चेहरा खुलला. येथे भिंती होत्या, महिरपी होत्या, छप्पर होते, आणि आत पाऊल टाकताच तिने विचारले, "काका, शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती खिडकी कुठली?" शहाजीराजांनी बांधविलेला, बाल शिवाजी ज्यात वाढले आणि एप्रिल १६६३ मध्ये ज्यात शिरून त्यांनी खानाला पळता भुई थोडी केली, तो लाल महाल सतराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदोस्त झालेला होता. आजची इमारत पुणे महानगरपालिकेने १९८४ मध्ये सुरू करून १९८८ मध्ये पुरी केली. तीही मूळच्या जागेच्या एका हिश्शावर, आणि मूळचा महाल दिसावयास कसा होता याचा नकाशा कोणाजवळ नसताना. तेव्हा ती खिडकी त्या मुलीच्या वडिलांहूनही वयाने लहान होती. हे मी तिला सांगितले नाही. सांगावयास हवे होते, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आताही वाटते. परंतु एका बाजूस जळक्या वाड्याने केलेली निराशा आणि दुसऱ्या बाजूस हा आनंद, यांत माझी जीभ टाळ्याला चिकटली. पर्यटनाचा सारा धंदा अशाच चिकटलेल्या जिभांवर चालतो.

आपल्या जुन्या दफ्तरांत या दुखण्यावर एक साधा उपाय होता. सनद असो, निवाडा असो की वतनाचा महजर असो, मूळ कागद तो अस्सल आणि त्यावरून उतरलेला तो नक्कल. नक्कल ही तेव्हा शिवी नव्हती. कारकून ती सुवाच्य मोडीत उतरी, मुळाशी ताडून पाही, आणि 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारून आपली जबाबदारी कागदावर नोंदवी. मग तीच नक्कल परगण्याच्या कचेरीत निर्धास्तपणे चाले. अब्रू जाई ती शेरा न मारणाऱ्याची, आणि त्याहून अधिक, अस्सल हाती नसताना नक्कल तयार करणाऱ्याची. अशा कागदाला दफ्तरात बनावट म्हणत. इमारतींच्या जतनाविषयी विद्वानांनी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जे ग्रंथ लिहिले, आणि १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे असे जे ठरविले, ते आमच्या कारकुनाला कोणी समजावून द्यावे लागले नसते.

यावर आमच्याच घरातून एक आक्षेप येतो व तो हलका नाही. आपली परंपरा जीर्णोद्धाराची आहे. देवळाचा कळस पडला तर आपण भग्न कळसाचे सौंदर्य न्याहाळीत बसत नाही, नवा चढवितो, आणि अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत जे केले त्यास कोणी बनावट म्हणणार नाही. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी उतरवून शेजारच्या जागेवर नव्या लाकडाने उभारतात. २०१३ मध्ये ते असे बासष्टाव्या वेळी उभारले गेले. जपानातच नारा येथे १९९४ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी, अस्सलपणा केवळ जुन्या दगडालाकडात शोधू नये, कारागिरीत, वापरात आणि श्रद्धेतही शोधावा, हे मान्य केले, ते मला सर्वथा पटते. परंतु इसे येथे सुताराच्या हातात सुताराने हात दिलेला आहे. ज्याने मागले उभारले त्याच्याजवळ उभे राहून पुढचा शिकला. देवळात पूजा चालू असते, म्हणून त्याचे नवे शरीरही त्याचेच असते. शनिवारवाड्यात आज पेशवाई चालू नाही. तिथे नवा दिवाणखाना उभारला, तर त्यात दरबार कोणाचा भरणार? तिकिटे काढून आलेल्यांचाच ना?

नारा येथल्या ठरावाचे खरे पुणेरी उदाहरण पाहावयाचे असेल तर विश्रामबागवाड्यापर्यंत चालावे. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये बांधला. १८२१ मध्ये एल्फिन्स्टनने तिथे संस्कृत पाठशाळा काढली. मे १८७९ मध्ये बुधवारवाड्याबरोबर त्यासही आग लागली. बुधवारवाडा नामशेष झाला, परंतु विश्रामबागेचा जळालेला भाग वर्गणीने आणि नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभारला गेला. पुढे तिथे शाळा आल्या, पालिकेच्या कचेऱ्या आल्या, टपालखाते आले. आज त्या सुरूच्या खांबांखाली उभे राहिले असता १८०७ चे लाकूड, आगीनंतरचे लाकूड आणि परवाच्या डागडुजीचे लाकूड एकमेकांच्या खांद्यावर भार टाकून उभे आहेत, आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याचे वय चोरीत नाही. तिथे काम करणाऱ्या एका वृद्ध गवंड्याशी मी एकदा तासभर बोलत बसलो होतो. त्याचा सारा राग सिमेंटवर होता. चुनकळी पाण्यात विरवावी, वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळावी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा ज्याच्या त्याच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे घालावा. असा चुना सावकाश धरतो, पण भिंतीत शिरलेले पावसाळी पाणी पुन्हा बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ते पाणी आतच कोंडतो, मग जुनी वीट आतून भुसभुशीत होते आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्राच तेवढा शाबूत राहतो. "वरून तुळतुळीत, आतून पीठ," तो म्हणाला, आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून मला तो पोकळ आवाज ऐकविला.

गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, रायगड, राजगड, साल्हेर, सिंधुदुर्ग आदी महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले, याचा आनंद मलाही झाला. मात्र त्या दिवसापासून, आता गडावर पाहुणे येणार, त्यांना दाखवायला काही तरी 'पूर्ण' हवे, अशी भाषा ज्यांच्या तोंडी आली आहे, त्यांनी गडावर सिमेंटची पोती चढविण्यापूर्वी त्या गवंड्याची टकटक एकदा ऐकावी. रायगडावरचे वाडे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटले. त्यांची उघडी जोती ही त्या घटनेची साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला नवे कपडे चढवून कोर्टात उभे करण्याने खटला बळकट होत नाही.

लाल महाल पाडावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती मुलगी तिथे खरोखरच रमली होती. दारावर, तिच्यासारखीला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, १९८८ हे साल आणि शेजारी 'अस्सल उपलब्ध नाही' असा शेरा कोरावा, इतकीच अर्जी आहे. कायद्याप्रमाणे शंभर वर्षे उभी असलेली वास्तू प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत बसू शकते. म्हणजे २०८८ साली हा महालही त्या मानास पात्र होईल, त्याच्या सिमेंटच्या जतनासाठी तज्ज्ञांची समिती नेमली जाईल, आणि एखादा सदरलेखक तावातावाने लिहील की, या ऐतिहासिक भिंतींना कृपा करून कोणी चुना लावू नये.