फिरवून दाखव!

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या विंगमध्ये दोनच आवाज ऐकू येतात. एक पंख्याचा आणि दुसरा, "अरे यार, परत लाल झालं!" लाल होते ती सॉलिडवर्क्समधली मेटची यादी. एकाच पार्टला दोन मेट दोन वेगळ्या जागी ओढायला लागले की सॉफ्टवेअर हात वर करतं.

गेल्या टर्मला आम्हाला सिंगल सिलिंडर इंजिन होतं. ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन. चारच तर पार्ट! पहाटे तीनपर्यंत लाल जाईना, तेव्हा मी सगळे मेट डिलीट केले, प्रत्येक पार्टवर राइट क्लिक करून 'फिक्स' केलं, प्रिंट काढली आणि झोपलो. पूर्ण मार्क मिळाले. मग तीच फाइल पेन ड्राइव्हवरून विंगभर फिरली. इंजिन सोडून सगळं फिरलं म्हणा ना!

तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी प्रिंट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "क्रँक फिरवून दाखव." मी गप्प. माझ्यामागचे पाच जणही गप्प. ते पाच जण अजून माझ्यावर दात खाऊन आहेत.

सुट्टीत तीच असेंब्ली पहिल्यापासून लावली. हवेत सुटलेल्या पार्टला सहा मोकळिकी असतात : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. (कॉन्व्हेंटच्या कृपेनं 'डिग्री ऑफ फ्रीडम' तोंडपाठ होतं, पण 'मोकळीक' म्हटल्यावर ते डोक्यात शिरलं.) प्रत्येक मेट त्यातल्या काही काढून घेतो. आपण सगळ्यांनी घोकलेलं ग्रुबलरचं १८८३ सालचं सूत्र लावा : चार लिंक, चार जोड, ३ × ३ − २ × ४ = १. म्हणजे एक मोकळीक उरते, क्रँक फिरतो. पण हे सपाट कागदावरचं गणित झालं. कॉम्प्युटरमधलं इंजिन तीन मितींत असतं. तिथे ६ × ३ − ५ × ४ = −२! हिशेबानं ते हलायलाच नको. हलतं ते केवळ पिना एकमेकींना नेमक्या समांतर असतात म्हणून. बंधनं जादाच आहेत. मापं जुळतात तोवर ती मुकाट बसतात, एक माप चुकलं की भांडण सुरू.

माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. रॉडचं मोठं टोक मी क्रँकच्या गालाला चिकटवलं होतं आणि लहान टोक पिस्टनच्या बरोबर मधोमध बसवलं होतं. दोन्ही एकदम खरं व्हायला अर्धा मिलिमीटर कमी पडत होता. वर्कशॉपमधल्या काकांना विचारलं तर ते हसलेच. "दोन्हीकडून आवळलास तर जाम होणारच की रे. एका बाजूला धर, दुसरीकडे प्ले ठेव." खऱ्या इंजिनातही रॉड आडव्या दिशेनं एकाच टोकाला धरलेला असतो. एक मेट काढला आणि लाल गेलं.

तरी क्रँक हलेना! ही जात जास्त वाईट, कारण इथे कुठलीच सूचना येत नाही. फोटो छान यावा म्हणून सवयीनं मी क्रँकला ४५ अंशांचा अँगल मेट टाकला होता. कुणाशी भांडण नाही, त्यामुळे लाल नाही, पण उरलेली एकुलती एक मोकळीक त्यानं खाल्ली. रूममेटचं दुखणं वेगळंच निघालं. त्यानं पिस्टन आणि रॉडची सब-असेंब्ली आणली होती. ती मुळात 'रिजिड' येते, 'फ्लेक्झिबल' करावी लागते. आता मी प्रत्येक मेटनंतर पार्ट माउसनं ओढून बघतो. (पिस्टन ओढून क्रँक अडला तर घाबरू नका. डेड सेंटरला खरं इंजिनही अडतं, म्हणून तर फ्लायव्हील.)

मला वाटतं, खोड पहिल्या सेमिस्टरला लागते. स्केच 'फुल्ली डिफाइन्ड' झालं की शाबासकी, हे तेव्हा बरोबरच असतं. मग असेंब्लीत पार्टच्या नावापुढे वजा चिन्ह दिसलं की आपण अस्वस्थ होतो आणि ते घालवत सुटतो. अरे, हलणाऱ्या पार्टपुढे ते असायलाच हवं!

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, प्रिंट बघून मार्क देऊ नका. साठ पोरं आहेत, वेळ नाही, हे मान्य. पण क्रँक ओढायला दहा सेकंद लागतात. आणि सगळ्यांचा क्रँक ४५ अंशांवरच अडलेला दिसला, तर फाइल कुणाची हेही कळेल.

माझी नवी फाइल कुणाला हवी असेल तर रूमवर या. एक मेट मी मुद्दाम जादा ठेवलाय.