‘कास्ट’ हा शब्द आपलाही आहे

फेब्रुवारी 2023 मध्ये सिअॅटलच्या नगर परिषदेने भेदभावबंदीच्या कायद्यात ‘कास्ट’ हा शब्द घातला, तेव्हा मलिद्याच्या ताटाभोवती बसलेले आपलेच काहीजण म्हणाले, “हे हिंदूंचे भांडण. आपल्याला काय त्याचे?” ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसलाच कायदा परत पाठवला. असलेल्या कायद्यांत हे येतेच, असे कारण त्यांनी दिले. मंडळींना हायसे वाटले. आम्हाला वाटले नाही.

मुळात हा शब्द हिंदूंचा नाहीच. ‘कास्ता’ म्हणजे कूळ, वंश, शब्द पोर्तुगीजांचा. ते चौल-रेवदंड्याला उतरले ते आपल्या घाण्यांच्या शेजारीच. इथल्या जातींना त्यांनी आपला शब्द लावला, तो पुढे इंग्रजांनी उचलला. अमेरिकेत तर तो गोऱ्याकाळ्यांच्या प्रश्नाला लावला गेला. चार्ल्स समनर यांनी 1869 साली बॉस्टनला या विषयावर व्याख्यान दिले. रेल्वेत काळ्यांना वेगळा डबा हवा असे कोर्टाने 1896 साली मान्य केले, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकाल लिहिला आणि या देशात ‘कास्ट’ नाही असे बजावले. मधल्या काळात, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली होती. आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला तोही न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, 1916 मध्ये. मग हा शब्द अमेरिकेला परका कसा?

आणि आपण कुठले नामानिराळे? गाव आपल्याला शनिवार तेली म्हणे. ती जातच होती. घरात आपण गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन केले आणि एकमेकांत सोयरीक केली नाही. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी आपल्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करायला सांगितले, तेव्हा केवढे दुखले आपल्याला! आपले लोक यरुशलेममध्ये धरणे धरून बसले. 1964 मध्ये त्या हुकमातून आपले नाव निघाले. कुळाची चौकशी दुसऱ्याने केली की अपमान, आपण केली की रीत?

आम्ही चाळीस वर्षे वॉर्डात काढली. रक्ताची बाटली चढवताना गट बघतात, आडनाव नाही. तरी सोयरिकीच्या फोनवर आजही दबक्या आवाजात विचारतात, “मुलगी कोणाकडची, नीट चौकशी केलीत ना?”

आमच्या आजीच्या ओटीवर एक वेगळा तांब्या असे. कोणासाठी, हे विचारले की धपाटा मिळे. ज्या बाईसाठी तो होता, ती किप्पूरला आपल्याच मशिदीत येई आणि आपल्यासारखाच दिवसभर उपास धरी.